आता या वयात हे कळून काय उपयोग?

पत्रलेखिका ६१ वर्षांच्या आहेत. ३१ वर्षं एका कचेरीच्या हिशेब विभागात काम करून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. तेव्हापासून घरात एक काम धड तडीस जात नाही, असं त्या लिहितात. वॉशिंग मशीनमधले धुतलेले कपडे तसेच पडून राहतात, वास यायला लागला की त्या पुन्हा धुवायला लावतात आणि पुन्हा विसरतात. खात्यात पैसे असूनही विजेचं बिल दोनदा राहिलं. ३४ वर्षांच्या लेकीला मागच्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणानंतर, एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता) असल्याचं निदान झालं. औषध सुरू आहे, फरकही आहे. आता लेक म्हणते, "आई, हे तुझ्याकडूनच आलंय, तूही तपासून घे." सात वर्षांच्या नातवाला दाखवून घ्या, असं शाळेनेही सुचवलं आहे. बाईंचे प्रश्न असे: मी शाळेत कायम पहिल्या पाचांत असायचे, मला हे कसं असेल? ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही? लेकीला लहानपणी सतत धांदरट, वेंधळी म्हणत आले, त्यातून तर हे झालं नाही ना? तिची एक गोळी घेऊन बघितली तर कळेल का? आणि मुळात आता या वयात हे कळून काय उपयोग? आमच्या पिढीने निभावलंच ना?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे. "कचेरीत कधी काही अडलं नाही" असं लिहून पुढे कंसात म्हणता, "शेजारच्या टेबलावरच्या बाई रोज सकाळी आल्या आल्या विचारायच्या, आज काय काय द्यायचंय गं? मी सांगायचे, त्या मान हलवायच्या, मग आम्ही कामाला लागायचो." पत्र पाच पानी आहे, पण मी पुन्हा पुन्हा या कंसापाशीच येत होते. एकतीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी तुमचा दिवस तुमच्याच तोंडून वदवून घेत होतं. निवृत्तीबरोबर पगार कमी होतो हे आपण धरून चाललेलो असतो, पण हा टेकूही निघणार आहे, हे तुम्हाला कोण सांगणार? तो टेकू होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टर नाही, आणि पत्र वाचून कुणाचं निदान होत नसतं. तुम्हाला एडीएचडी आहे की नाही, ते मी सांगणार नाही. मात्र तुमचे प्रश्न ज्या गृहीतकांवर उभे आहेत त्यांतली काही मला कच्ची वाटतात.

आधी हुशारीचं. 'अवधानाची कमतरता' हे नावच फसवं आहे. लक्ष भरपूर असतं. ते कुठे लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, याचं सुकाणू मात्र हातात राहत नाही. डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन या रसायनांच्या मेंदूतल्या कामकाजाशी याचा संबंध आहे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ असा की 'हे महत्त्वाचं आहे' एवढं कारण हात हलायला पुरत नाही. काम आवडीचं असावं लागतं, नाहीतर नवं, नाहीतर मुदत अगदी मानेवर आलेली, नाहीतर समोर कोणीतरी वाट बघत बसलेलं. वर्षअखेरीला एका आकड्याचा फरक सापडेना म्हणून रात्री दहापर्यंत खुर्चीतून उठला नव्हतात, हे तुम्ही 'माझं लक्ष उत्तम आहे' याचा पुरावा म्हणून दिलंत. जाणकार डॉक्टर तोच पुरावा उलट्या बाजूनेही वाचू शकतील. परीक्षेचंही तसंच. तिला तारीख असते, तीन तासांची वेळ असते, वर पर्यवेक्षक फिरत असतो. हुशार मुलीला तेवढं पुरतं. विजेच्या बिलाला पर्यवेक्षक नसतो.

मग इतक्या वर्षांत कुणाला दिसलं कसं नाही? त्याचं उत्तर तुमच्या जन्मसालात आहे. बुद्धी ठीक असूनही आवरता न येणाऱ्या मुलांबद्दल लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये व्याख्यानं दिली, आणि दोष शोधला तो नैतिक संयमात. म्हणजे सुरुवातच चारित्र्यापासून. १९६८ मध्ये, तुम्ही चारेक वर्षांच्या असाल, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेत याचं नाव होतं 'बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया'. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली, पेपरात मात्र गुण मिळवणारी मुलगी या नावात कुठे बसणार? १९८० च्या आवृत्तीत 'अवधान' हा शब्द पहिल्यांदा नावात आला आणि चंचलतेशिवायही हे असू शकतं, असं मान्य झालं. तोवर तुमची शाळा संपत आली होती. २०१३ मध्ये आणखी दोन बदल झाले. लक्षणं सात वर्षांच्या आत दिसलेली असावीत ही अट सैल होऊन बारा वर्षांपर्यंत गेली, आणि मोठ्यांसाठी नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली जाऊ लागली. तेव्हा तुमची लेक विशी ओलांडून गेली होती. तुम्हा दोघींकडे शास्त्र दर वेळी थोडं उशिरा पोचलं.

'मोठं झालं की सुटतं' हे दुसरं गृहीतक. नातवाच्या बाबतीत तुम्ही ते लेकीला ऐकवलंही आहे. पळापळ कमी होते हे खरं. सहा वर्षांचं मूल खुर्चीवर चढ-उतर करत असतं, सोळाव्या वर्षी ते बसलेलं असतं पण टेबलाखाली पाय हलत असतो, चाळिशीत पायही थांबतो आणि डोक्यातली चक्की तेवढी चालू राहते. अमेरिकेत १९९० च्या दशकात सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर उपचारांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ५५८ जणांचं साधारण पंचविशीपर्यंत काय झालं, ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. पूर्णपणे सुटलं आणि पुढे सुटलेलंच राहिलं, असं जेमतेम ९ टक्क्यांबद्दल म्हणता आलं. जवळपास ६४ टक्के जणांचं ये-जा चालू होतं. काही वर्षं बरी, मग पुन्हा तेच. त्याच मंडळींकडे पुढे आणखी खोलात पाहिलं तेव्हा ही बरी वर्षं जास्त जबाबदारीच्या काळात येताना दिसली. अंगावर काम पडलं की माणूस सावरतो, की सावरलेला असतो म्हणून जास्त काम पेलतो, हे त्यावरून ठरत नाही. तरी तुमची ती ३१ वर्षं आणि हे आठ महिने एकमेकांशेजारी ठेवून बघा.

प्रत्येक वयात कोणतातरी टेकू बदलत असतो. शाळेत घंटा असते आणि मागे लागणारी आई असते. शिकायला घराबाहेर पडलं की दोन्ही एकदम जातात आणि कित्येक हुशार मुलांचं पहिलंच वर्ष कोसळतं. नोकरीत साहेब येतो, मुदती येतात, घडी पुन्हा बसते. तुमच्या लेकीने एका मुलासकट नोकरीची कसरत कित्येक वर्षं जमवलीच की. दुसरं बाळ आलं, झोप तुटली, घरातलं घड्याळ त्याच्या भुकेवर चालायला लागलं, आणि तिच्या याद्या, तिचे अलार्म, तिची आदल्या रात्रीची तयारी, सगळं एका महिन्यात निकामी झालं. ती बिघडली नव्हती. तिचे टेकू बिघडले होते. बायकांचं निदान अशा वळणावर होणं आता नवं राहिलेलं नाही. रजोनिवृत्तीच्या आसपास त्रास वाढल्याचंही बऱ्याच जणी सांगतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरण्याशी त्याचा संबंध असावा असं मानतात, त्यावर काम अजून चालू आहे. पन्नाशीतली दोन वर्षं 'डोक्यात कापूस भरल्यासारखी' गेली, असं तुम्हीही लिहिलंय. तेव्हा शेजारच्या टेबलावर त्या बाई होत्या.

स्मृतिभ्रंशाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात पहिला प्रश्न असा की हे कधीपासून आहे? किल्ली ठेवताना मन दुसरीकडे होतं, त्यामुळे ती कुठे ठेवली याची नोंदच झाली नाही, हा एक प्रकार. तो जन्मभर साथीला असतो. रोजचा रस्ता अनोळखी वाटणं, पूर्वी डोळे मिटून जमायचं ते काम अडणं, दहा मिनिटांपूर्वीचं बोलणं झालंच नाही असं वाटणं, हा दुसरा. त्यात माणूस स्वतःच्याच पूर्वीच्या पातळीवरून खाली येतो. तुमचे मोठे भाऊ म्हणाले ना, "ही दहा वर्षांची असल्यापासून अशीच आहे", ते डॉक्टरांना जरूर सांगा. पण एक असलं म्हणून दुसरं नसतं असं नाही, आणि साठीनंतर विसरायला इतरही कारणं असतात. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, कमी ऐकू येणं (ऐकलंच नाही ते लक्षात कसं राहणार?), चालू औषधांचे परिणाम, आणि उदासी. निवृत्तीनंतरची उदासी रडत येते असं नाही. ती कपाटं अर्धवट सोडतही येते. म्हणून आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून हे सगळं तपासून घ्या, मग मोठ्यांमधला एडीएचडी पाहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडे जा. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटोही नाही. सगळी भिस्त तुमच्या आयुष्याच्या हकिगतीवर असते. तुम्ही जपून ठेवलेली प्रगतिपुस्तकं सोबत न्या, गुणांसाठी नाही, शेऱ्यांसाठी. आणि भावालाही न्या. आपण लहानपणी कसे होतो, हे आपल्यापेक्षा आपल्यामुळे ज्याला शाळेला उशीर व्हायचा त्याला चांगलं आठवतं.

लेकीची गोळी घेऊन बघू का, याचं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. त्या गोळ्यांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, आणि तुम्ही रक्तदाबाचं औषध घेता. शिवाय त्यातून कळणार काहीच नाही. ज्यांना एडीएचडी नाही त्यांनाही अशा उत्तेजक औषधाने काही वेळ तरतरी वाटते, तेव्हा 'घेतल्यावर छान वाटलं' हा पुरावा होत नाही. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं जुनं औषध, १९४४ मध्ये तयार झालेलं. साधी गोळी तीन-चार तास चालते, हळूहळू विरघळणारी आठ ते बारा. अॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधंही आहेत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तुमच्या वयातही औषध देतात, हृदय आणि रक्तदाब तपासून, कमी मात्रेपासून सुरुवात करून. घ्यायचं की नाही हा नंतरचा प्रश्न, आणि निदान झालं म्हणजे औषध घ्यावंच लागतं असं नाही.

आता अपराधीपणाकडे येते. त्यावर तुम्ही दीड पान लिहिलंय.

रागावल्याने एडीएचडी होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून याची आनुवंशिकता ७० ते ८० टक्के दिसते, जवळपास उंचीइतकी. हा आकडा लोक फार चुकीचा वाचतात. 'आईला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ७० टक्के' असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला एवढा वाटा जनुकांचा, इतकाच त्याचा अर्थ. म्हणजे लेक म्हणते त्यात तथ्य असू शकतं, पण उंचीबद्दल कोणी आईला जाब विचारत नाही.

रागावण्याने दुसरं काहीतरी होतं, आणि ते तुम्हाला कळलेलं आहे, म्हणून तर दीड पान. तुम्ही तो प्रसंग लिहिलाय. तिसऱ्यांदा कंपासपेटी हरवली म्हणून तुम्ही तिला तासभर दारात उभं केलंत, आणि त्याच दिवशी तुम्ही स्वतःची पर्स बसमध्ये विसरून आला होतात. ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतंत. ताई, हे मला सांगून भागणार नाही. लेकीला सांगा. मोठी माफी वगैरे मागू नका, त्याने तिच्यावर तुम्हाला समजावण्याचं काम येऊन पडतं. फक्त ती पर्स सांगा. "तुझ्यावर ओरडत होते तेव्हा माझी पर्स हरवलेली होती", एवढंच. पुढे काय बोलायचं ते ती ठरवेल, आणि कदाचित ती हसेल.

'आमच्या पिढीने निभावलं' हेही जरा तपासू. निभावलंत, वादच नाही. पण उशीर होईल या धास्तीने तुम्ही सगळीकडे पाऊण तास आधी पोचता, एक पत्र पाठवण्याआधी सात वेळा वाचता, आणि पाहुणे येणार म्हटलं की आदली रात्र जागता, हे तुमच्याच पत्रात आहे. इतरांना जे बसल्या जागी जमतं त्यासाठी तुम्ही चाळीस वर्षं दुप्पट राबलात आणि वर स्वतःला आळशी म्हणवून घेतलंत. या वयात कळून काय उपयोग, असं विचारता. तो 'आळशी' शब्द पुसला गेला तरी मला तो उपयोग कमी वाटत नाही. आणि हाच प्रश्न तुम्ही चष्म्याबद्दल किंवा गुडघ्याबद्दल विचारला नसता.

नातवाच्या बाबतीत घाई नको आणि टाळाटाळही नको. तो वर्गात जन्मतारखेने सगळ्यांत धाकट्यांपैकी आहे का, हे आधी बघा. अशा मुलांचं निदान त्याच वर्गातल्या थोरल्यांपेक्षा जास्त होतं, असं अनेक देशांत दिसलं आहे. दहा-अकरा महिन्यांचा कोवळेपणा कधी कधी आजार म्हणून नोंदला जातो. दुसरं, लक्षणं फक्त शाळेत दिसतात की घरीही? किमान सहा महिने? निदान झालंच, तर औषधाइतकंच आई-बापांना या मुलांशी कसं वागावं हे शिकवणारं प्रशिक्षण महत्त्वाचं असतं, आणि आजीनेही त्यात बसायला हरकत नाही. अशा मुलांच्या मेंदूचं बाह्यपटल पक्व व्हायला सरासरी तीनेक वर्षं जास्त लागतात, असं २००७ मधल्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा दप्तर भरणं, बूट जागेवर ठेवणं या बाबतीत त्याच्याकडून सातपेक्षा लहान मुलाइतकीच अपेक्षा ठेवा. 'माझ्यावर गेलाय' हे मात्र त्याच्यासमोर कौतुकानेही म्हणू नका, किमान तपासणी होईपर्यंत तरी.

निदान व्हायला वेळ लागेल. टेकू लावायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि तुमच्यासारख्या ज्यांनी हे वाचून स्वतःकडे पाहिलं असेल त्यांनाही तो लावता येईल. नवी सुंदर डायरी आणू नका. तुमच्या खणात अशा सहा पडल्या असतील, प्रत्येकीची पहिली चार पानं भरलेली. आठवण डोक्यात किंवा वहीत ठेवण्यापेक्षा वाटेत ठेवा. द्यायची वस्तू चपलांवर, गोळी चहाच्या कपात. बिलं बँकेतून आपोआप जाऊ द्या. यात कमीपणा वाटत असेल तर आठवून बघा, कचेरीतही तारखा लक्षात ठेवायला तुम्ही मान मोडत नव्हतात, कुणीतरी विचारत होतं.

कपड्यांचं असं करा. 'कपडे धुणे' हे एक काम नाही, ती तीन कामं आहेत आणि मधे पाऊण तासाचा खड्डा आहे. त्या खड्ड्यात तुम्ही पडता. मशीन लावताना रिकामी बादली घराच्या ऐन मधोमध ठेवा, जिथे ती पायात येईल. अलार्म लावा आणि त्याला नाव द्या 'वाळत घाल'. नुसता वाजणारा अलार्म आपण बंद करतो आणि कशासाठी लावला होता ते विसरतो. बाहेर जायचं असेल तर मशीन लावूच नका. कपाट आवरायचं तर एकच खण बाहेर काढा, आणि त्या वेळी कोणीतरी शेजारी बसलेलं असू द्या. मदत करायला नाही, नुसतं बसायला, हवं तर पेपर वाचत. एडीएचडीच्या कित्येक माणसांना या नुसत्या सोबतीचा फार उपयोग होतो. का होतो यावर मोठमोठी बोलणी चालतात, पण तुम्हाला ते मी सांगायची गरज नाही. तुम्ही ३१ वर्षं अनुभवलंय. यातल्या काही युक्त्या दोन महिन्यांत शिळ्या होतील, तेव्हा बदला. त्याला अपयश समजू नका, नवेपणा संपला की या मेंदूचं असंच होतं. आठवड्यात दोन तरी अशा गोष्टी ठेवा जिथे ठरलेल्या वेळी कुणीतरी तुमची वाट बघत असेल.

आणि त्या शेजारच्या टेबलावरच्या बाई. त्यांचा नंबर असेलच. उद्या सकाळी दहाला फोन करा आणि सांगा, आज मला अमुक अमुक करायचंय. महिनाभर रोज दोन मिनिटं असा फोन चालेल का, ते विचारा. कदाचित त्यांनाही त्यांचं काहीतरी सांगायचं असेल. अजून एक विचारून मला कळवा: त्यांना तुमचं हे कळलं होतं म्हणून त्या रोज विचारायच्या, की त्यांना स्वतःलाच दिवस सुरू करायला तेवढं लागायचं?